काणी लागलेल्या मक्याची भाजी

मक्याच्या कोवळ्या कणसाला एक विशिष्ट बुरशी लागली की दाण्यांच्या जागी राखाडी-पांढऱ्या रंगाच्या, पातळ चकचकीत कातडीच्या गाठी फुगू लागतात. त्या इतक्या वाढतात की कणसावरचा पाला फाकतो आणि गाठी बाहेर येतात. पुढे त्या आतून काळ्या पडतात, वाळतात, फुटतात आणि काळ्या भुकटीच्या रूपाने वाऱ्यावर उडून जातात. या बुरशीचे शास्त्रीय नाव उस्टिलागो मेडिस. मका पिकवणाऱ्या बहुतेक देशांत तिची गणना रोगांत होते; काळी भुकटी करणाऱ्या अशा बुरशीजन्य रोगाला आपल्याकडे काणी म्हणतात. मेक्सिकोत मात्र गाठींची भुकटी होण्याआधीच त्या काढून भाजी म्हणून खातात, तिला वित्लाकोचे म्हणतात, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत तिथल्या मंडईत तिला निरोगी कणसापेक्षा चढा भाव मिळतो.

ही भाजी पुण्यात बसून खायला मिळेल असे मी कधी धरले नव्हते. माझा भाचा चाकणच्या एका वाहन कारखान्यात अभियंता आहे आणि कामानिमित्त त्याला मेक्सिकोतील पुएब्ला शहरात काही आठवडे राहावे लागले. “येताना काय आणू, मामी?” असे त्याने फोनवर विचारले, तेव्हा मी ताबडतोब वित्लाकोचेचे नाव सांगितले आणि त्याला ते दोनदा लिहून घ्यायला लावले. ताजी भाजी विमानातून आणणे शक्यही नव्हते आणि योग्यही नव्हते, त्याचे कारण पुढे येईलच. त्यामुळे त्याने डबाबंद आणली. डब्यावर सोललेल्या कणसाचे रंगीत चित्र होते. माझ्या सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते चित्र डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाले, “अगं, ही तर काणी आहे. ही त्याने पैसे देऊन आणली?”

बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, आयुष्य शिरूर तालुक्यात ज्वारी आणि बाजरी करण्यात गेले. आता ते आमच्याकडे कोथरूडला राहतात, पण पिकांवरच्या रोगांची त्यांची माहिती अजून ताजी आहे. ज्वारीवर दाणे काणी, मोकळी काणी, लांब काणी अशा काणीच्या अनेक जाती येतात, उसावर चाबूक काणी येते. दाणे काणीत कणसातल्या दाण्याऐवजी काळ्या भुकटीने भरलेली लहानशी पिशवी तयार होते, मळणीच्या वेळी त्या पिशव्या फुटतात आणि भुकटी चांगल्या बियाण्याला चिकटून पुढच्या हंगामात शेतात जाते. म्हणून पेरणीपूर्वी एक किलो बियाण्याला चार ग्रॅम या प्रमाणात ३०० मेश, म्हणजे अगदी बारीक, गंधकाची भुकटी चोळायची, हा नियम बाबांच्या तोंडी आजही पाठ आहे. “बियाण्याला गंधक चोळता चोळता हात पिवळे होत, आणि तुम्ही ती काणी कढईत घालणार,” असे ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, नवल होते. तरी त्यांनी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात फिरकायचे नाही असे ठरवलेले दिसत होते.

बाबांची शंका केवळ किळसेची नव्हती, आणि म्हणून मी ती गांभीर्याने घेतली. बाजरीवर येणारा अरगट हा बुरशीचा रोग त्यांनी पाहिलेला आहे. त्यात कणसातून आधी चिकट, गोडसर मधासारखा द्रव पाझरतो आणि नंतर दाण्यांच्या जागी काळपट, टणक पेशीपुंज तयार होतात. ते दळणात आले तर उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. त्यासाठी बियाणे वीस टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून, बुडवतात. अरगटाचे हलके पुंज तरंगून वर येतात, ते काढून टाकतात आणि तळाचे बियाणे धुऊन वाळवतात. मक्याच्या बाबतीतही इतिहास दिलासा देणारा नाही. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरील पंचमहाल आणि बांसवाडा भागांत, अवकाळी पावसात भिजून बुरशी चढलेला मका खाल्ल्यामुळे शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. तिथे दोषी होती अस्परजिलस नावाची बुरशी आणि तिने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष, जे भाकरी भाजून किंवा मका शिजवून नष्ट होत नाही. तेव्हा बुरशी लागलेले धान्य म्हटल्यावर ज्या माणसाच्या कपाळाला आठी पडते, त्याला अडाणी म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

मग वित्लाकोचे वेगळे का? अस्परजिलससारखी बुरशी साठवलेल्या किंवा दुबळ्या झालेल्या दाण्यावर वाढते आणि दाणा कुजवते. उस्टिलागो मेडिसला मात्र जिवंत मकाच लागतो. ती झाडाच्या पेशींना मारत नाही; त्यांच्यात शिरून त्यांचे वाढीचे नियंत्रण आपल्या हाती घेते, त्यांना फुगायला आणि विभागायला लावते, आणि त्यांना मिळणाऱ्या साखरेवर स्वतः पोसली जाते. त्यामुळे कोवळी गाठ म्हणजे कुजलेला दाणा नसतो. ती अर्धी मक्याची आणि अर्धी बुरशीची, पाण्याने भरलेली, पूर्ण जिवंत अशी पेशींची रास असते. मेक्सिकोत ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. याचा अर्थ कोणतीही काणी खाण्याजोगी असते असा मात्र मुळीच नाही, आणि शेतात दिसलेली काळी गाठ या लेखाच्या भरवशावर कोणी घरी आणू नये.

या बुरशीची कणसात शिरण्याची पद्धत मला सर्वांत रंजक वाटली. वाळलेल्या गाठीतली काळी भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. ते जमिनीत काही वर्षे तग धरून राहतात. ओल मिळाली की त्यांतून यीस्टसारख्या सूक्ष्म पेशी बाहेर पडतात, वाऱ्याने आणि पावसाच्या थेंबांनी उडून मक्यावर पोचतात, आणि दोन जुळणाऱ्या पेशी एकत्र आल्या तरच त्यांचा झाडात शिरू शकणारा धागा तयार होतो. एकटी पेशी झाडाचे काहीही बिघडवू शकत नाही. पान, खोड, तुरा यांपैकी कशावरही गाठ येऊ शकते, पण कणसात शिरण्याची मुख्य वाट म्हणजे कणसाचे केस. प्रत्येक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. परागकण वेळेवर पोचला तर तो केस बुडाशी सुकून गळतो आणि वाट बंद होते; परागीभवन लांबले, मग ते उन्हाळ्याने असो वा पाण्याच्या ताणाने, तर वाट उघडी राहते आणि परागाच्या आधी बुरशी दाण्यापर्यंत पोचते. म्हणूनच ज्वारीच्या काणीवर चालणारी गंधकाची बीजप्रक्रिया मक्याच्या या काणीवर फारशी उपयोगी पडत नाही: ती बियाण्याबरोबर येत नाही, जमिनीतून आणि वाऱ्यातून येते. हा मुद्दा बाबांना पटला, किंबहुना त्यांनीच मला तो उलटतपासणी घेऊन नीट मांडायला लावला.

मेक्सिकोतील शेतकरी पूर्वी निसर्गाने दिले तेवढेच घेत. आता तिथे आणि अमेरिकेत काही जण मुद्दाम लागण करतात: प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा द्राव कणसाच्या टोकाकडून, केसांच्या वाटेने, सुईने आत सोडतात, आणि साधारण अडीच-तीन आठवड्यांनी गाठी काढतात. त्याआधी काढल्या तर चव उतरलेली नसते. नंतर काढल्या तर भुकटी होऊ लागते. पराग पोचू नये म्हणून झाडांचे तुरे आधीच खुडण्याची पद्धतही आहे. ज्या गोष्टी टाळायला आपण शेतकऱ्याला सांगतो, त्या इथे निगुतीने घडवून आणल्या जातात.

आता डब्याकडे वळते. झाकण उघडल्यावर प्रथम दिसला तो दाट, शाईसारखा काळा रस. त्यात निरनिराळ्या आकारांच्या गाठींचे तुकडे बुडालेले होते. चमच्याने एक तुकडा बशीत काढून पसरला तेव्हा त्याची कातडी अजून राखाडी होती, आतला गर काळा होता, आणि त्याच्या एका कडेला निरोगी राहिलेल्या मक्याच्या दाण्याचे पिवळे टोक चिकटलेले होते. वास अळिंबीचा, म्हणजे मशरूमचा, अपेक्षित होता, तो होताच. पण त्याच्या मागोमाग भाजलेल्या कणसाचा गोडसर वास आला आणि त्याहीमागे एक ओळखीचा, किंचित कडवट वास होता, ज्याचे नाव मला चटकन सापडेना. ते नाव बाबांनी सांगितले. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलेच होते. “मेथ्या भाजल्यात का?” असे त्यांनी विचारले.

मेथ्या भाजलेल्या नव्हत्या, पण त्यांचे नाक चुकले नव्हते. वित्लाकोचेच्या सुगंधाचे रासायनिक पृथक्करण झालेले आहे आणि त्यात व्हॅनिलाला वास देणाऱ्या व्हॅनिलिनबरोबर सोटोलोन हे द्रव्य महत्त्वाचे ठरले आहे. मेथीच्या दाण्याला मेथीचा वास देणारे द्रव्य हेच. अत्यल्प प्रमाणात ते जळक्या साखरेसारखे भासते आणि प्रमाण वाढले की मेथीकडे झुकते. मेक्सिकोतील बुरशी आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातील मेथ्या यांच्यात हा एक धागा निघावा, याचा मला मनापासून आनंद झाला.

मेक्सिकोतील साधी रीत अशी की कांदा, लसूण आणि हिरवी मिरची तेलावर परतायची, त्यात गाठी घालायच्या, एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला टाकायचा आणि पाणी आटेपर्यंत शिजवायचे. मी लोखंडी कढई घेतली, पांढरा कांदा बारीक चिरला, लसूण ठेचला, मिरचीला मधोमध चीर दिली, आणि एका कोवळ्या देशी कणसाचे दाणे काढून तेही घातले, कारण डब्यातल्या गाठी मऊ असतात आणि त्यांना दाताखाली येणाऱ्या कशाचीतरी जोड लागते. एपासोतेऐवजी गॅलरीतल्या कुंडीतील ओव्याची दोन पाने चुरडून टाकली. ती चव तीच नव्हे, पण उग्रपणाची जागा त्यांनी भरली. हळद, गोडा मसाला, दाण्याचे कूट यांपैकी काहीही घातले नाही. हात शिवशिवत होता, हे मान्य करते. पण पहिल्यांदा खाताना पदार्थाला स्वतःचे बोलू द्यावे. डब्यातला काळा रस ओतून देऊ नये, सगळी चव त्यातच असते. तो मंद आचेवर आटवला की भाजीला तकाकी येते आणि कढईच्या कडेला काळी, गोडसर खरवड धरते. ती खरवड मी कोणाला दिली नाही.

चवीबद्दल इतके सांगता येईल की सुरुवात गोड होते, मध्ये मातकट आणि धुरकट होते, आणि शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला एक बारीक कडवटपणा राहतो, जो पुढचा घास घ्यायला लावतो. पोत अळिंबीहून मऊ आणि वांग्याच्या भरताहून दाट असतो. बटण मशरूम शिजवल्यावर येणारा रबरी चिवटपणा त्यात अजिबात नाही. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी, फार महाग अळिंबी; तिच्यावरून वित्लाकोचेला ‘मेक्सिकोचे ट्रफल’ म्हणण्याची रीत अमेरिकेत आहे. १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशन या पाककलेशी संबंधित संस्थेच्या एका भोजनात शेफ होसेफिना हॉवर्ड यांनी ती याच नावाने वाढली होती, आणि रोग म्हणून नाक मुरडणाऱ्यांना ती खायला लावण्यात त्या नावाचा वाटा असणारच. माझ्या मते मात्र हे नाव भाजीवर अन्याय करते. ट्रफल चिमूटभर किसून पदार्थावर शिवरायचे असते. वित्लाकोचे पोटभर खायची, भाकरीबरोबर चोपून खायची भाजी आहे.

भाकरीचा विषयही थोडा विचार करण्यासारखा आहे. तिकडे ही भाजी तोर्तियात, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीत, चीज घालून, घडी करून भाजतात. तोर्तियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, मग वाटतात. त्यामुळे पीठ चिकट होते, लाटल्यावर तुटत नाही आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. मका, मिरची, टोमॅटो, पेरू हे सारे अमेरिका खंडातून आपल्याकडे आले आणि आपलेच होऊन गेले, पण मक्याला चुना लावण्याची ही युक्ती मागेच राहिली. आपल्या बाजारातल्या मक्याच्या पिठाची भाकरी भाजीच्या ओलाव्याने लगेच फुटते. मी दोन्ही प्रकार करून पाहिले: एकदा मैद्याच्या पोळीत मोझरेला घालून, एकदा ज्वारीच्या गरम भाकरीवर लोण्याच्या गोळ्यासह. चीज घातलेला प्रकार घरातल्या तरुण मंडळींना आवडला, पण चिजाच्या खारटपणात ती शेवटची कडवट छटा पूर्ण बुडून जाते. ज्वारीची भाकरी आणि लोणी यांच्याबरोबर ती नीट कळते. भाजणीच्या थालीपिठात घालण्याचा मोह कोणाला झाल्यास तो आवरावा. भाजणीचे धने-जिरे तिला उभेच राहू देत नाहीत.

बाबांनी भाकरीचा एक तुकडा मोडून, भाजी अगदी कडेला लावून खाल्ली. नंतर दुसरा तुकडा जरा मोठा मोडला. “कणीस भाजताना एखादा दाणा जास्त करपतो ना, तो खाल्ल्यासारखे लागते,” असा त्यांचा अभिप्राय होता, आणि मला तो माझ्या वरच्या सगळ्या वर्णनापेक्षा नेमका वाटतो. मात्र काळ्या रंगाचे त्यांना काहीच वाटले नाही. शहरातल्या आमच्या दोन पाहुण्यांनी रंग पाहूनच ताट बाजूला सारले होते. कारळ्याची चटणी आणि काळ्या वाटाण्याची आमटी मिटक्या मारत खाणाऱ्यांनी काळ्या रंगाला भ्यावे, हे मला तरी कळत नाही. बाबांची अडचण रंगाची नव्हतीच. त्यांना ताटात दिसत होते ते हातचे गेलेले पीक. ज्या रोगाने घरात धान्य कमी आले, त्या रोगाची भाजी करण्याची कल्पना त्याच काळात, त्याच घरात सुचणे कठीण असते, आणि तिथे सुगरणपणाच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

असे असले तरी काणी खाण्याची रीत भारतात अगदीच नाही असे नाही. मणिपूरमध्ये पाणथळ जागी वाढणाऱ्या एका रानभातासारख्या गवताच्या खोडात उस्टिलागो एस्क्युलेंटा ही याच कुळातील बुरशी शिरते, खोडाचा खालचा भाग फुगून मऊ आणि पांढरा होतो, आणि त्याला इशिंग कम्बोंग म्हणून इंफाळच्या बाजारात मागणी असते. चीनमध्येही तेच खोड भाजी म्हणून पिकवतात. बुरशीमुळे त्या गवताला फुलोराच येत नाही, त्यामुळे धान्य मिळत नाही. चीनमध्ये एकेकाळी धान्यासाठी वाढवले जाणारे हे गवत कालांतराने भाजीसाठीच लावले जाऊ लागले. तेही बीजाणू काळे पडण्याआधी काढावे लागते.

पोषणाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मक्याच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी असते. बुरशी ते स्वतः तयार करत असल्यामुळे गाठींत त्याचे प्रमाण निरोगी दाण्यापेक्षा बरेच जास्त आढळते. प्रयोगशाळांनाही ही बुरशी प्रिय आहे. जनुकशास्त्रज्ञ रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ साली डीएनएचे दोन धागे आपसांत तुकड्यांची देवाणघेवाण कशी करतात याचे जे प्रारूप मांडले, त्यामागे याच बुरशीवरचे त्यांचे काम होते, आणि २००६ साली तिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला.

हे सारे ऐकून भाच्याने विचारले की मग बारामती-इंदापूरकडे स्वीटकॉर्न करणारे शेतकरी आहेतच, तर इथेच का पिकवू नये. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे, म्हणजे बुरशी खाण्यासाठी वाढवण्याचे ज्ञान पुण्याला परके नाही. पण धिंगरी अळिंबी खोलीत, भुशाच्या पिशवीत वाढते आणि तिथेच संपते. ही बुरशी उघड्या शेतात वाढते, शेजाऱ्याच्या मक्यावर जाते आणि जमिनीत वर्षानुवर्षे राहते. परदेशातून वनस्पती आणि त्यांवरचे रोगजंतू आणण्यावर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने निर्बंध आहेत, आणि ते असायलाच हवेत. मूरघासासाठी, म्हणजे मुरवून साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी, मका करणाऱ्या दूध उत्पादकाच्या शेतावर पुण्यातल्या हौशी खवय्यांसाठी ही जोखीम लादावी, असे मला वाटत नाही. डब्यातला माल उष्णतेने निर्जंतुक केलेला असतो, त्यामुळे तो निर्धोक. ताजी गाठ बॅगेत घालून आणणे मात्र कटाक्षाने टाळावे.

तेव्हा ताजी खायची तर तिकडेच जाऊन खावी लागेल. भाचा पुढच्या जुलैत पुन्हा पुएब्लाला जाणार आहे आणि त्याला मी मंडईत काय पाहायचे ते सांगून ठेवले आहे: गाठ बाहेरून राखाडी-पांढरी आणि टवटवीत असावी, बोटाने दाबल्यावर किंचित दबून परत वर यावी, आणि चिरल्यावर आत काळ्या-पांढऱ्या रेषा दिसाव्यात. हाताला कोरडी काळी भुकटी लागली तर ती घेऊ नये. विकणाऱ्या बाईंनी कणसासकट दिली तर उत्तम, कारण सुटी केलेली गाठ लवकर पाणी सोडते; घरी येऊन कणसावरून सुरीने कापायची, धुवायची नाही, आणि त्याच दिवशी शिजवायची.